ॲड-ऑन क्रेडिट कार्ड: सिबिल कोणाचे घडते, कोणाचे बिघडते

क्रेडिट कार्ड मंजूर झाले की बँकेकडून बहुधा एक विचारणा होते: घरातल्या आणखी कोणासाठी ॲड-ऑन कार्ड हवे आहे का? त्याला शुल्क नसते किंवा नाममात्र असते आणि कागदपत्रेही थोडी लागतात. त्यामुळे पत्नीसाठी, लातूरला शिकवणीसाठी राहणाऱ्या मुलीसाठी किंवा परभणीत एकट्या राहणाऱ्या आईसाठी ते फारसा विचार न करता घेतले जाते. कार्ड विकणारा प्रतिनिधी त्या वेळी अनेकदा एक वाक्य जोडतो, की यामुळे मॅडमचेही सिबिल तयार होईल. या आश्वासनावर विसंबून दोन-तीन वर्षांनी गृहकर्जाचा अर्ज करणाऱ्या बाईला बँकेत जे उत्तर मिळते ते वेगळेच असू शकते, म्हणून हा विषय नीट समजून घेणे आवश्यक आहे.

मुख्य मुद्दा आधीच सांगून टाकतो. भारतात ॲड-ऑन कार्डावरील खर्चाचा आणि थकबाकीचा परिणाम मूळ कार्डधारकाच्या पतअहवालावर, म्हणजे कर्जे आणि बिले कशी फेडली याच्या नोंदीवर, निश्चितपणे होतो. ॲड-ऑन कार्ड वापरणाऱ्याच्या अहवालावर तो होईलच असे नाही, आणि होतो की नाही हे त्याने स्वतःचा अहवाल काढून पाहिल्याखेरीज कळत नाही. अमेरिकेतील परिस्थिती बरीच निराळी आहे. तिकडे शिकायला जाणाऱ्यांसाठी तिचा स्वतंत्र विचार पुढे केला आहे.

जबाबदारी कोणाची

ॲड-ऑन कार्ड हे वेगळे क्रेडिट कार्ड खाते नसते. खाते एकच, मर्यादा एकच, बिलही एकच. त्या खात्यातून खर्च करण्यासाठी दुसऱ्या व्यक्तीच्या नावाने दिलेले प्लास्टिक एवढेच त्याचे स्वरूप असते. रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२२ रोजी क्रेडिट व डेबिट कार्डांबाबत जे निर्देश काढले, त्यांत हे स्पष्ट केले आहे की ॲड-ऑन कार्ड मूळ कार्डधारकाने नाव देऊन सांगितलेल्या व्यक्तीलाच द्यावे आणि त्यावरील देण्याची जबाबदारी मूळ कार्डधारकाची राहील. ॲड-ऑन कार्ड घेणाऱ्याची ओळख व पत्त्याची पडताळणी मात्र बँकेला करावीच लागते, म्हणून त्याचे आधार, पॅन मागितले जातात. पॅन दिला म्हणजे आपली पत नोंदवली जाणार, असा अर्थ यातून काढू नये.

आपल्याकडे पतसंस्थेच्या किंवा बँकेच्या कर्जाला जामीन राहण्याची रीत सर्वांच्या ओळखीची आहे. जामीनदार एक रुपयाही वापरत नाही, तरी कर्ज थकले की नोटीस त्याच्याही दारात येते आणि बँकेच्या कर्जाची नोंद त्याच्या पतअहवालातही असते. ॲड-ऑन कार्डात नेमके उलटे घडते: खर्च एक जण करतो आणि त्याचा भार दुसऱ्याच्या नावावर चढतो. हे उलटेपण ज्याने लक्षात ठेवले, त्याला पुढचे सगळे नियम पाठ करावे लागत नाहीत. तरीही आपल्या बँकेच्या महत्त्वाच्या अटी व शर्तींचा कागद एकदा वाचावाच, कारण ॲड-ऑन कार्डधारकाविषयी बँकेने तेथे काय लिहिले आहे, कोणते शुल्क आहे आणि खर्चाची वेगळी मर्यादा ठरवता येते का, हे त्यातच सापडते.

मूळ कार्डधारकाच्या अहवालावर काय होते

या भागात सर्वाधिक नुकसान होते, आणि तेही बहुतेक वेळा कोणाची काही चूक नसताना. भारतात पतमाहिती ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. बोलण्यात आपण चौघींनाही सिबिलच म्हणतो, पण बँक आपली माहिती चारही ठिकाणी पाठवते आणि कर्ज देताना यांपैकी कोणताही अहवाल मागवू शकते. अहवालावरून पत किती चांगली हे दाखवणारा गुणांक काढला जातो आणि तो ३०० ते ९०० या पट्टीवर असतो. तो काढण्याचे सूत्र कंपन्या पूर्णपणे उघड करत नाहीत. परंतु हप्ते आणि बिले वेळेवर भरली का, आणि मंजूर मर्यादेपैकी किती भाग वापरला, या दोन गोष्टींना त्यात मोठे वजन असते, हे त्या स्वतःच सांगतात.

यांतली दुसरी गोष्ट, म्हणजे मर्यादेचा वापर, एका उदाहरणाने पाहू. औशातील एका शिक्षकाच्या कार्डाची मर्यादा १,००,००० रुपये आहे. त्यांचा स्वतःचा खर्च महिन्याला १५,००० रुपयांच्या आसपास असतो, म्हणजे वापर १५ टक्के. मुलगी बारावीनंतर पुन्हा एकदा नीटची तयारी करण्यासाठी लातूरला राहते आणि वय १८ पूर्ण असल्याने तिला ॲड-ऑन कार्ड दिले आहे. जूनमध्ये खोलीची अनामत, मेस, अभ्यासिका, पुस्तके आणि सराव परीक्षांचे शुल्क मिळून तिचे ३२,००० रुपये खर्च झाले. आता त्याच कार्डावरील वापर ४७ टक्के झाला. शिक्षकांनी बिल मुदतीत पूर्ण भरले तरी अहवालात त्या महिन्याचा वापर ४७ टक्केच दिसू शकतो, कारण बँक शिल्लक ज्या दिवशी कळवते त्या दिवसाचा आकडा नोंदला जातो. पूर्वी ही माहिती महिन्यातून एकदा जात असे; १ जानेवारी २०२५ पासून ती किमान पंधरवड्याने, म्हणजे १५ तारखेची आणि महिनाअखेरची स्थिती दाखवत, पाठवावी लागते.

यावरचा उपाय सोपा आहे, पण तो कोणी सांगत नाही. मोठा खर्च झालेल्या महिन्यात बिल निघण्याची वाट पाहू नये. खर्च झाल्यानंतर दोन-चार दिवसांत, १५ तारखेच्या किंवा महिनाअखेरच्या आत, हातात असेल तेवढी रक्कम कार्डाच्या खात्यात भरून टाकावी. वरील उदाहरणात २५,००० रुपये आधीच भरले असते तर नोंदवली जाणारी शिल्लक २२,००० रुपये राहिली असती. वापर ३० टक्क्यांच्या आत ठेवावा असे जे सांगितले जाते तो कायदा नाही, अनुभवातून आलेला ठोकताळा आहे. एखाद्या महिन्यात तो ओलांडला तर आकाश कोसळत नाही आणि पुढच्या नोंदींत वापर घटला की गुणांकही सावरतो. ज्यांना येत्या सहा महिन्यांत घर, ट्रॅक्टर किंवा दुकानासाठी कर्ज काढायचे आहे, त्यांनी मात्र तो काटेकोरपणे पाळावा.

बिल उशिरा भरण्याचा डाग यापेक्षा खोल असतो. अहवालात प्रत्येक खात्यापुढे महिनावार थकीत दिवस लिहिलेले असतात आणि साधारण मागील ३६ महिन्यांची ती पट्टी कर्ज देणारा अधिकारी सर्वात आधी पाहतो. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार देय तारखेनंतर तीन दिवसांपेक्षा अधिक काळ रक्कम थकली तरच खाते थकीत म्हणून कळवता येते आणि विलंब शुल्क लावता येते. पण चौथा दिवस उजाडला की थकीत दिवसांची मोजणी मूळ देय तारखेपासूनच होते. ॲड-ऑन कार्डाच्या बाबतीत घोटाळा असा होतो, की खर्च लातूरला होतो, बिल औशातील पत्त्यावर किंवा वडिलांच्या ईमेलवर येते, वडील ईमेल उघडत नाहीत, आणि मुलीला वाटते की पैसे आपोआप कापले जात असतील. म्हणून पूर्ण बिलाची रक्कम बचत खात्यातून आपोआप वळती होण्याची सूचना बँकेला पहिल्याच दिवशी द्यावी. ती देताना ‘किमान देय रक्कम’ हा पर्याय निवडला जाणार नाही याची खात्री करावी. किमान रक्कम भरली तर थकीत दिवस शून्य राहतात हे खरे, पण उरलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन ते पावणेचार टक्के, म्हणजे वर्षाला ४२ ते ४५ टक्क्यांपर्यंत व्याज लागू शकते, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि बिनव्याजी मुदत संपल्यामुळे मुलीने त्यानंतर केलेल्या प्रत्येक नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज चढू लागते. कार्डावर एटीएममधून रोख काढली तर कधीच बिनव्याजी मुदत मिळत नाही. ॲड-ऑन कार्ड देतानाच रोख काढण्याची सोय बंद करणे हे माझ्या मते सर्वात शहाणपणाचे पाऊल आहे.

ॲड-ऑन कार्ड वापरणाऱ्याच्या अहवालावर काय होते

पतमाहिती कंपन्यांकडे बँका जी माहिती पाठवतात, तिच्यात प्रत्येक खात्याशी त्या व्यक्तीचे नाते काय, याचा एक रकाना असतो. वैयक्तिक, संयुक्त, जामीनदार आणि ऑथराइज्ड युजर असे त्याचे प्रकार असून शेवटचा प्रकार पुरवणी कार्ड वापरणाऱ्यासाठीच आहे. म्हणजे नोंद करण्याची सोय व्यवस्थेत आहे. परंतु सोय असणे आणि बँकेने ती वापरणे यांत फरक आहे. सर्वसाधारणपणे कार्डाचे खाते मूळ कार्डधारकाच्या नावेच कळवले जाते आणि ॲड-ऑन वापरणाऱ्याच्या अहवालात त्याचा मागमूसही नसतो. त्यामुळे वाळूजच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या पतीच्या कार्डावर पाच वर्षे घरखर्च चालवणाऱ्या पत्नीने स्वतःचा अहवाल काढला, तर गुणांकाच्या जागी ‘एनएच’ किंवा उणे एक दिसण्याची शक्यता बरीच आहे. त्याचा अर्थ पत वाईट आहे असा नसून नोंदच नाही असा होतो.

आपल्या बाबतीत काय आहे हे पाहण्याची रीत पुढीलप्रमाणे आहे. चारही कंपन्यांनी प्रत्येक व्यक्तीला वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल गुणांकासह विनामूल्य द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर जावे, पॅन, जन्मतारीख आणि मोबाइल क्रमांक द्यावा, ओटीपी टाकून अहवाल उतरवून घ्यावा. पैसे मागणारी सशुल्क योजना मधेच समोर येते. ती नाकारून विनामूल्य पर्याय शोधावा. आपल्या भागात एकाच मोबाइलवर घरातल्या चौघांची खाती चालतात, त्यामुळे ओटीपी भलत्याच फोनवर जातो किंवा पडताळणी अडते. आईच्या अहवालासाठी आईच्याच नावाचा आणि बँकेत नोंदलेला क्रमांक वापरावा. सेवा केंद्रातून अहवाल काढायचा असेल तर ओटीपी सांगून निघून न जाता तेथे बसून छापील प्रत घ्यावी.

अहवाल हातात आला की आधी खात्यांचा भाग पाहावा. पतीचे कार्ड तेथे दिसत असेल तर मालकीच्या रकान्यात ऑथराइज्ड युजर लिहिले आहे की वैयक्तिक, हे तपासावे. ऑथराइज्ड युजर असेल तर त्या खात्याचे चांगले-वाईट दोन्ही आपल्या अहवालात येत आहे असे समजावे. पतीने उशीर केला तर त्याची सावली इकडेही दिसेल. चुकून वैयक्तिक किंवा संयुक्त असे लिहिले असेल तर ते देणे आपल्या नावावर मोजले जाण्याचा धोका आहे आणि दुरुस्ती लगेच मागावी. खातेच दिसत नसेल तर ॲड-ऑन कार्डामुळे आपली पत तयार होत नाही, हे सत्य स्वीकारून दुसरा मार्ग धरावा.

याच वेळी अहवालातील इतर खात्यांवरही नजर फिरवावी, कारण ‘माझ्या नावावर काहीच नाही’ असे समजणाऱ्या कित्येक महिलांच्या अहवालात गटाने घेतलेले मायक्रोफायनान्सचे कर्ज असते. गावात आठवड्याला किंवा महिन्याला हप्ता गोळा करणाऱ्या फायनान्स कंपन्या प्रत्येक सदस्याची माहिती कळवतात. हप्त्यावर घेतलेला मोबाइल, बँकेतील सोनेतारण, शैक्षणिक कर्जाला दिलेली सही हेही तेथे दिसते. शेतकरी कुटुंबात किसान क्रेडिट कार्डाचा एक गैरसमज असतो; त्याच्या नावात क्रेडिट कार्ड असले तरी ते पीक कर्जाचे खाते आहे आणि ज्याच्या नावावर आहे त्याच्याच अहवालात येते. २०१७ किंवा २०१९ च्या कर्जमाफीत बसलेले खाते अजूनही थकीत दिसत असेल, किंवा १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँकेत विलीन झालेल्या स्टेट बँक ऑफ हैदराबादमधील एखादे फेडलेले कर्ज बंद झालेले दिसत नसेल, तर शाखेतून बेबाकी दाखला, म्हणजे काही देणे बाकी नसल्याचा दाखला, घेऊन ते आधी निस्तरावे. ॲड-ऑन कार्डाने गुणांक वाढेल का, याची चर्चा त्यानंतरची.

कार्ड देण्याआधी घरात काय ठरवावे

या भागाला बँकेपेक्षा माणसांची गरज अधिक आहे. ज्याला कार्ड द्यायचे त्याच्याशी तीन गोष्टी स्पष्ट बोलाव्यात: महिन्याला किती खर्च करायचा, कशावर करायचा आणि पैसे परत द्यायचे असतील तर कोणत्या तारखेपर्यंत. मुलगी किंवा पत्नी असेल तर हे संकोचाशिवाय बोलता येते. मेहुणा, चुलतभाऊ किंवा दुकानातील भागीदार असेल तर संकोच वाटतो, आणि जेथे असे बोलण्याचा संकोच वाटतो तेथे कार्ड देऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लग्नसराईत ‘फक्त एका खरेदीपुरते’ म्हणून नातेवाइकाला दिलेले कार्ड परत मागणे किती अवघड असते, हे सर्वांना ठाऊक आहे.

बोलण्यानंतर बँकेच्या ॲपमध्ये बंधने घालावीत. अनेक बँका ॲड-ऑन कार्डासाठी वेगळी खर्चमर्यादा ठरवू देतात. मर्यादा १,००,००० रुपये असेल तर मुलीच्या कार्डाला १५,००० रुपये पुरेत. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये काढलेल्या सूचनांनुसार ऑनलाइन व्यवहार, परदेशी व्यवहार आणि पिनशिवाय टॅप करून होणारे व्यवहार चालू-बंद करण्याची आणि त्यांची मर्यादा बदलण्याची सोय कार्डधारकाला अहोरात्र मिळाली पाहिजे. टॅप करून पिनशिवाय ५,००० रुपयांपर्यंतचा व्यवहार होतो, त्यामुळे वसतिगृहात राहणाऱ्या मुलांच्या कार्डावर ही मर्यादा खाली आणावी किंवा ती सोय बंदच ठेवावी. प्रत्येक व्यवहाराचा संदेश मूळ कार्डधारकाच्या फोनवर येतो याची एका छोट्या खरेदीने परीक्षा करून पाहावी.

आईवडिलांसाठी कार्ड घेतले असेल तर त्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी, की बँकेतून बोलतो म्हणून कोणीही फोन केला तरी ओटीपी द्यायचा नाही. फसवणुकीने गेलेला पैसाही बिलात प्रथम मूळ कार्डधारकाच्याच नावावर दिसतो. असे झाल्यास कार्ड ताबडतोब बंद करून बँकेला कळवावे आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

हेतू पत घडवण्याचा असेल तर

महाराष्ट्रात केवळ महिलेच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. यामुळे छत्रपती संभाजीनगर, नांदेड किंवा लातूरला फ्लॅट घेताना पत्नीचे नाव पुढे केले जाते आणि तेव्हाच प्रथम लक्षात येते की तिचा अहवाल कोरा आहे. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ पतइतिहास नाही म्हणून फेटाळू नये, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले आहे. तरी कोऱ्या अहवालापेक्षा वर्ष-दोन वर्षांची स्वच्छ नोंद केव्हाही अधिक उपयोगी पडते.

त्यासाठी ॲड-ऑन कार्डापेक्षा मुदत ठेवीवर मिळणारे स्वतःच्या नावाचे कार्ड कितीतरी चांगले. अनेक बँका दहा ते पंचवीस हजार रुपयांपासूनच्या ठेवीवर, ठेवीच्या साधारण ७५ ते ९० टक्के मर्यादेचे कार्ड देतात. उत्पन्नाचा दाखला सहसा लागत नाही, ठेवीवरचे व्याज चालू राहते, आणि खाते पूर्णपणे त्या व्यक्तीच्या नावाने कळवले जाते. समजा पत्नीच्या नावे २५,००० रुपयांची ठेव केली आणि २०,००० रुपये मर्यादेचे कार्ड मिळाले, तर त्यावर महिन्याचे वीजबिल, मोबाइलचे रिचार्ज आणि किराणा असे चार ते पाच हजार रुपये खर्चावेत आणि बिल पूर्ण भरावे. त्याहून अधिक काही करण्याची गरज नाही. सहा महिने ते वर्षभरात गुणांक दिसू लागतो. बिल थकले तर बँक ठेव मोडून पैसे वळते करते आणि डागही लागतो, म्हणून ठेव आहे या भरवशावर राहू नये.

भिशी वर्षानुवर्षे नियमित भरली तरी तिची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही. गावातील पतसंस्थेचे कर्ज वेळेवर फेडल्याची नोंदही सहसा येथे दिसत नाही. हा अन्यायच आहे असे मला वाटते, पण बँकेच्या संगणकाला जे दिसत नाही ते मोजले जात नाही. एकाच महिन्यात पाच ठिकाणी कार्डासाठी अर्ज करणे मात्र टाळावे, कारण प्रत्येक अर्जामागे होणारी चौकशी अहवालात दिसते आणि पैशाची घाई असल्याचा समज निर्माण करते.

अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी

मराठवाड्यातून अभियांत्रिकीची पदवी घेऊन अमेरिकेत एमएससाठी जाणाऱ्या मुलांना तिकडे पोचल्यावर कळते की भारतातील गुणांक तिथल्या बँकांच्या नोंदीत आपोआप जात नाही. तेथे इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियन या तीन कंपन्या अहवाल ठेवतात आणि प्रामुख्याने फायको गुणांक वापरला जातो, जो ३०० ते ८५० असतो. त्यात वेळेवर परतफेडीला ३५ टक्के, देणे असलेल्या रकमेला ३० टक्के आणि इतिहासाच्या लांबीला १५ टक्के वजन आहे. उरलेले वीस टक्के नव्या कर्जांत आणि कर्जांच्या प्रकारांत सारखे विभागलेले आहेत.

तेथील मोठे कार्डदाते ऑथराइज्ड युजरची माहिती त्याच्याही अहवालात पाठवतात. १९७४ च्या समान पतसंधी कायद्याखालील नियमांमुळे पती किंवा पत्नी कार्ड वापरत असेल तर खाते दोघांचा सहभाग दाखवून कळवावे लागते, आणि या प्रथेची मुळे तेथे आहेत. याचा व्यावहारिक परिणाम असा, की टेक्सासमध्ये दहा वर्षे राहिलेल्या चुलतभावाने आपल्या जुन्या, वेळेवर भरल्या जाणाऱ्या आणि कमी वापर असलेल्या कार्डावर नव्या विद्यार्थ्याचे नाव जोडले, तर त्या कार्डाचा जुना इतिहासही विद्यार्थ्याच्या अहवालात येऊ शकतो. कार्ड प्रत्यक्ष हातात देण्याचीही गरज नाही. नाव जोडताना विद्यार्थ्याचा सोशल सिक्युरिटी क्रमांक (तेथील सरकारी ओळख क्रमांक) दिला नाही तर नोंद त्याच्या अहवालाशी जुळणे कठीण जाते, आणि कार्डदाता तिन्ही कंपन्यांना माहिती देतो का, हे आधी विचारून घ्यावे.

तेथेही देण्याची कायदेशीर जबाबदारी ऑथराइज्ड युजरवर नसते. चुलतभावाने बिले थकवली तर विद्यार्थ्याचा अहवाल खराब होतो. पण कार्डदात्याला सांगून आपले नाव काढून घेता येते आणि ते खाते अहवालातून वगळण्याची मागणीही करता येते. भारतात जोखीम मूळ कार्डधारकाकडे झुकते. तेथे लाभ आणि हानी दोन्ही वापरणाऱ्यापर्यंत पोचतात. पैसे घेऊन अनोळखी माणसाच्या कार्डावर नाव जोडून देणारे दलाल इंटरनेटवर भेटतात, त्यांच्या वाटेला जाऊ नये. असा भाड्याचा इतिहास ओळखून त्याचा प्रभाव कमी करण्याची तरतूद २००९ मध्ये आलेल्या फायको ८ या आवृत्तीत केलेली आहे. नाव जोडले गेल्यानंतर विद्यार्थ्याने स्वतःचे अनामत रकमेवर मिळणारे कार्डही लवकर घ्यावे, कारण गाडीचे कर्ज देणारा अधिकारी फक्त उसन्या इतिहासावर समाधानी होत नाही.

कार्ड बंद करताना आणि चूक दुरुस्त करताना

शिक्षण संपले, नोकरी लागली, नाते बिघडले किंवा कार्डाची गरज उरली नाही, तर ॲड-ऑन कार्ड बंद करण्याचा अधिकार मूळ कार्डधारकाला केव्हाही आहे. आधी ॲपमधून ते ब्लॉक करावे, मग बंद करण्याची लेखी विनंती द्यावी आणि तिचा क्रमांक जपून ठेवावा. त्या कार्डाला जोडलेली ओटीटीची वर्गणी किंवा विम्याचा हप्ता दुसरीकडे वळवावा, नाहीतर पुढील महिन्यात पुन्हा रक्कम लागून येते. मूळ खातेच बंद करायचे असेल तर सर्व देणे फेडल्यानंतर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत विनंती पूर्ण केली पाहिजे. न केल्यास खाते बंद होईपर्यंत बँक कार्डधारकाला दररोज ५०० रुपये दंड देणे लागते. जुने खाते बंद केल्याने एकूण मर्यादा घटते आणि दुसऱ्या कार्डावरील वापराची टक्केवारी वाढलेली दिसते, हे लक्षात घेऊन कर्जाच्या अर्जाच्या तोंडावर असे पाऊल उचलू नये.

मूळ कार्डधारकाचे निधन झाले तर ॲड-ऑन कार्ड त्याच क्षणापासून वापरू नये, मग ते चालत असले तरीही. मृत्युदाखल्याची प्रत देऊन बँकेला कळवावे, त्या तारखेपर्यंतच्या देण्याचे विवरण लेखी मागावे आणि कार्डासोबत अपघाती विमा होता का, हे विचारावे. देण्याची वसुली मृत व्यक्तीच्या मालमत्तेतून होते. वसुलीसाठी फोन करणारा माणूस ‘कार्ड तुम्हीही वापरत होता’ असे म्हणून विधवेवर दबाव आणत असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांतील जबाबदारीचे कलम त्याला दाखवावे आणि बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी.

अहवालात चूक आढळल्यास त्या पतमाहिती कंपनीच्या संकेतस्थळावर विनामूल्य हरकत नोंदवता येते, आणि एकाच वेळी बँकेलाही पत्र द्यावे. कंपनीने आणि बँकेने मिळून ३० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. त्यानंतर होणाऱ्या प्रत्येक दिवसाच्या उशिरासाठी १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. उत्तर न मिळाल्यास किंवा ते पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. पतमाहिती कंपन्याही सप्टेंबर २०२२ पासून त्या योजनेखाली आल्या आहेत. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. तक्रारीला अहवालाची प्रत, बँकेला दिलेल्या पत्राची पोच आणि बेबाकी दाखला किंवा बिल भरल्याची पावती जोडावी. दुरुस्ती झाल्याचा संदेश आला तरी पुढील पंधरवड्याची नोंद गेल्यानंतर चारही अहवाल पुन्हा उघडून पाहावेत, कारण एका कंपनीकडील दुरुस्ती दुसरीकडे पोचलेली नसते असे अनेकदा दिसते.